वरून ताजी, दोन दिवसांत काळी: एक्झॉटिक फळांचा माल दुकानात आल्यावर का बिघडतो

पेटी उघडली तेव्हा रंबुतान लालभडक होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी सालीवरचे केस काळे. मँगोस्टीन जांभळं, चकचकीत. गिऱ्हाईक घरी नेतं आणि सुरी आत जात नाही म्हणून परत आणतं. ड्रॅगन फ्रूट दिसायला देखणं, चवीला नुसतं पाणी. या तिन्ही तक्रारी खेपेगणिक येतात आणि खापर बहुधा शेवटी माल ज्याच्या हातात होता त्याच्यावर फुटतं.

पण या फळांच्या बाबतीत बिघाड होतो एका ठिकाणी आणि दिसतो दुसऱ्या ठिकाणी. जास्त गारठ्यात राहिलेलं फळ कोल्ड रूममध्ये ठीकच दिसतं. त्याची साल काळवंडते ती उबदार जागेत आणल्यावर, एक-दोन दिवसांनी. म्हणून माल दुकानात काळा पडला की लगेच दुकानातलं तापमान बदलायला धावू नका. आधी फळ काय सांगतंय ते बघा.

पिकणारं फळ आणि न पिकणारं फळ

पहिली विभागणी ही. मँगोस्टीन, ड्युरियन, पॅशन फ्रूट, चेरिमोया (सीताफळाच्या कुळातलं), लक्ष्मणफळ, पपई, आंबा, अॅव्होकॅडो ही काढल्यावरही पिकतात. पक्व झालेली पण अजून टणक अशी काढली तरी चालतं. पुढं रंग येतो, गर मऊ होतो, वास सुटतो. रंबुतान, लिची, लाँगन (लिचीच्या कुळातलं), ड्रॅगन फ्रूट, स्टारफ्रूट आणि अननस यांची गोडी मात्र तोडणीच्या दिवशी जितकी असेल तितकीच. ही चार दिवस ठेवली म्हणून गोड होत नाहीत, फक्त जुनी होतात.

हे माहीत नसल्यामुळे दोन उलट चुका होतात. कोवळं रंबुतान ‘पिकेल’ म्हणून बाहेर ठेवलं जातं आणि वाळतं. कच्चं लक्ष्मणफळ ‘टिकेल’ म्हणून फ्रिजमध्ये जातं आणि काळं पडतं. मग ते बाहेर काढून कितीही ठेवलं तरी नीट पिकत नाही.

रंबुतान: केस काळे का पडतात

रंबुतानच्या सालीवरचे केस शोभेचे नाहीत. त्यांच्यावर रंध्रं असतात आणि त्यांच्यामुळे फळाचं हवेत उघडं राहणारं क्षेत्र खूप वाढतं. फळातलं पाणी आधी तिथून उडतं. म्हणून सुकण्याचा काळेपणा केसांच्या टोकाकडून सुरू होतो आणि सालीकडे सरकतो. एक फळ सोलून बघा: गर पांढरा, रसदार आणि गोड असेल तर माल खायला उत्तम आहे, फक्त हवा कोरडी होती.

गारठ्याचा काळेपणा वेगळा दिसतो. त्यात केस आणि साल एकदमच मळकट, तपकिरी होतात आणि ते थंडीतून बाहेर काढल्यानंतर भराभर वाढतं. तिसरा प्रकार कुजण्याचा. देठाशी ओलसर डाग, त्यावर बुरशी आणि आंबूस वास. असं फळ दिसलं तर ते आणि त्याला चिकटून असलेली फळं लगेच बाजूला काढा. त्या पेटीतली उरलेली फळं त्याच दिवशी विकून टाका.

सुकण्यावर उपाय सोपा आहे आणि नेमका तोच टाळला जातो. रंबुतान उघड्या टोपलीत, पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात मांडू नका. छिद्रांच्या पॉलिथिन पिशवीत किंवा बारीक छिद्रं असलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. तापमान १० ते १२ अंश सेल्सिअस, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. अशा स्थितीत काढणीपासून साधारण १२ ते १४ दिवस मिळतात. २० अंशांवर उघडं ठेवलं तर ३ ते ५ दिवस, आणि त्याहून गरम जागेत आणखी कमी. पिशवी पूर्ण हवाबंद मात्र करू नका. आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो, ऑक्सिजन संपतो आणि गराला दारूसारखा वास येतो. फळांवर पाणी शिंपडून ती बंद पिशवीत घालणं हे तर बुरशीला आमंत्रणच. ओलावा हवेत हवा, फळावर थेंब नकोत.

मांडणीसाठी ५-७ फळं सोलून, गर दिसेल अशी झाकणबंद डबीत ठेवावीत आणि विक्रीचा माल मागं थंडीत असावा. सगळा माल समोर रचण्याचा मोह होतो, पण रंबुतानच्या बाबतीत तो महागात पडतो.

मँगोस्टीन: दगड झालेली साल

सर्वांत जास्त वाद याच फळावरून होतात, कारण दोष कापेपर्यंत कळत नाही. निदान साल कडक होण्याची तीन कारणं आहेत आणि ती ओळखता येतात.

फळ हातात घेऊन अंगठ्यानं चारही बाजूंनी हलकं दाबा. चांगल्या मँगोस्टीनची साल सगळीकडून किंचित दबते.

एकाच बाजूला कडक लागलं आणि बाकी साल दबत असेल तर तो मार आहे. हे फळ दिसतं दणकट, पण फक्त १० सेंटीमीटरवरून पडलं तरी आदळलेल्या जागी साल २४ तासांच्या आत कडक व्हायला लागते. आणखी उंचावरून पडलं तर नुकसान बरंच वाढतं. मार लागल्यावर सालीत लिग्निन तयार होतं, म्हणजे लाकडात असतं तेच द्रव्य. वरून डाग काहीच दिसत नाही. पेटी ‘ठेवली’ आणि पेटी ‘टाकली’ यातला फरक दुसऱ्या दिवशी सुरीला कळतो तो असा.

सगळीकडून कडक आणि देठाची टोपी अजून बऱ्यापैकी हिरवी असेल तर गारठ्याचा संशय घ्या. मँगोस्टीन ५ अंशांवर ५ दिवसांपेक्षा जास्त किंवा १० अंशांच्या खाली १५ दिवसांपेक्षा जास्त राहिलं की नंतर उबेत आणल्यावर साल काळपट आणि टणक होते. टोपी तपकिरी, वाळलेली आणि फळ वजनाला हलकं असेल तर ते फळ नुसतंच जुनं झालंय, पाणी गेलंय.

गारठा की मार हे पक्कं करायचं असेल तर पेटीच्या वेगवेगळ्या थरांतली १० फळं दाबून बघा. गारठलेला माल सहसा एकसारखा बिघडलेला असतो. माराचा माल मिसळलेला असतो, आणि खालच्या थरात किंवा पेटीच्या कोपऱ्यांत जास्त.

साठवणीसाठी १३ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता. अशात २ ते ४ आठवडे निघतात. उतरवताना एका क्रेटमधून दुसऱ्यात ओतायचं नाही, हातानं उचलून ठेवायचं. थर शक्यतो एक, फार तर दोन.

आतले दोन दोष मात्र बागेतूनच येतात, तुमच्या साठवणीशी त्यांचा संबंध नाही. पांढऱ्या फोडीवर किंवा फोडींच्या मध्ये पिवळा चीक दिसतो. तो कडू असतो. तेवढा भाग काढून बाकीचा खाता येतो. दुसरा दोष म्हणजे फोडी काचेसारख्या पारदर्शक आणि करकरीत होणं. काढणीच्या आधी जोराचा पाऊस झाला की हे वाढतं. अशी फळं जड असतात. नमुन्याची फळं पाण्याच्या बादलीत सोडली तर चांगली तरंगतात आणि पारदर्शक गराची बुडतात. खेप घेण्याआधी १५-२० फळांवर ही चाचणी करून बघावी, मग ती पुसून कोरडी करावीत.

गिऱ्हाइकाला दाखवायला एक सुंदर खूण आहे. फळाच्या बुडाला फुलासारखा जो ठसा असतो त्याच्या पाकळ्या मोजा, आत तितक्याच फोडी निघतात. आणि कापण्याची रीतही शिकवा: सुरीनं फक्त सालीला मधोमध गोल चीर द्यायची, पाती गरापर्यंत न्यायची नाही, मग दोन्ही अर्ध्या भागांना हलका पीळ द्यायचा. आरपार कापलं की सालीचा गडद रस गराला लागतो, चव तुरट होते आणि कपड्यांवर पडलेला डाग निघत नाही. ‘फळ कडवट होतं’ या तक्रारींपैकी काही फक्त कापण्याच्या पद्धतीमुळे आलेल्या असतात.

बाकीची फळं, थोडक्यात

लिची या सगळ्यांत अपवाद. तिला २ ते ५ अंशांची थंडी चालते, किंबहुना हवीच असते. तिची साल तपकिरी होते ती मुख्यतः सुकल्यामुळे. आतला गर बरेच दिवस उत्तम राहतो. रंबुतानच्या खोलीत लिची ठेवली तर लिची लवकर जाते, लिचीच्या खोलीत रंबुतान ठेवलं तर रंबुतान काळं होतं. रंग टिकवण्यासाठी काही ठिकाणी लिचीला सल्फर डायऑक्साइडची धुरी देतात. साल अस्वाभाविक फिकट किंवा पिवळसर असेल आणि पेटी उघडताच नाकात झोंबणारा वास आला तर पुरवठादाराला विचारा, कारण सल्फाइटमुळे दम्याच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो.

ड्युरियन १३ ते १५ अंशांच्या खाली गेलं की काट्यांच्या मधल्या खाचा काळ्या पडतात आणि गर मऊ व्हायचा थांबतो. ड्रॅगन फ्रूट १० अंशांवर सुमारे २ आठवडे राहतं. ६ अंशांवर जास्त दिवस राहिलं तर खवले मलूल होतात आणि गर पाणचट, तपकिरी होऊ लागतो. स्टारफ्रूट ५ ते १० अंशांवर चालतं, फक्त त्याच्या कडा घासून काळ्या पडतात म्हणून प्रत्येक फळाला कागद किंवा फोमची जाळी हवी. जांभळ्या पॅशन फ्रूटवर सुरकुत्या पडल्या तर घाबरायचं कारण नाही. साल सुकली तरी आतला रस चांगला असतो, बऱ्याचदा कमी आंबट. गिऱ्हाइकाला हे सांगितलं नाही तर ते नेमकं तेच फळ बाजूला सारतं.

माल उतरवून घेताना

खरं निदान इथं होतं. यासाठी लागतं काय तर सुईचा प्रोब थर्मामीटर, वजनकाटा, रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं उपकरण) आणि मोबाइलचा कॅमेरा.

१. थर्मामीटर आधी तपासा. ग्लासभर बारीक केलेल्या बर्फात थोडं पाणी घाला, ढवळा, दोन मिनिटं प्रोब बर्फाला टेकू न देता मध्ये धरा. शून्याच्या अर्धा अंश इकडेतिकडे वाचन यायला हवं.

२. गाडीचं दार उघडल्या उघडल्या, माल हलवण्याआधी तापमान घ्या. हवेचं नको, गराचं हवं. दाराजवळची, मधली आणि सर्वांत आतली अशा तीन पेट्या; प्रत्येक पेटीत मधल्या थरातलं एक फळ; प्रोब गराच्या मध्यापर्यंत. गाडीच्या डिस्प्लेवर १३ दिसतंय म्हणून फळही १३ वर आहे असं नसतं. गरम माल थेट रीफरमध्ये, म्हणजे थंड ठेवणाऱ्या गाडीत, भरला असेल तर पेट्यांच्या गठ्ठ्याच्या मध्यभागी तो तासन्‌तास गरमच राहतो. रीफर आलेली थंडी टिकवतं. माल झपाट्यानं थंड करणं हे त्याचं काम नाही, ते लोडिंगच्या आधी प्री-कूलिंगमध्ये व्हायला हवं.

३. डेटा लॉगर (वाटेतलं तापमान नोंदवणारं उपकरण) असेल तर आलेख तिथंच उघडा. एकदम वर गेलेली शिखरं बहुधा विमानतळावर किंवा गाडी बदलताना झालेली असतात. खाली गेलेला सपाट भाग जास्त घातक, कारण तो पुढं दोन दिवसांनी दिसणार आहे.

४. तीन पेट्यांतली मिळून किमान १० फळं कापा, गराचा, सालीचा आणि देठाचा फोटो काढा. फोटोत पेटीवरचा लॉट नंबर दिसला पाहिजे.

५. दोन पेट्यांचं वजन लिहून ठेवा आणि रोज त्याच वेळी पुन्हा करा. ५ किलोची पेटी एका दिवसात १०० ग्रॅमनं घटली तर २ टक्के पाणी गेलं. हा वेग राहिला तर रंबुतान आणि लिचीचं रूप तीन-चार दिवसांत गेलंच म्हणून समजा. पेटी आच्छादली आणि घट थांबली तर दोष तुमच्या खोलीच्या हवेत होता.

घाम सुटणं

१३ अंशांचं फळ ३० अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत आणलं तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली हवेतल्या ओलाव्याचे थेंब होतात ते तापमान, जवळपास २४ अंश असतो. म्हणजे फळ २४ अंशांच्या वर जाईपर्यंत त्यावर पाणी जमत राहणार. हे पाणी पुसून होत नाही, केसांत आणि देठाच्या खाचेत राहतं, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. उपाय दोन. एकतर फळ थंड साखळीत ठेवूनच विका, कमी-कमी काढा. नाहीतर आधी कमी आर्द्रतेच्या १८ ते २० अंशांच्या खोलीत पिशवी न उघडता काही तास ठेवा आणि मगच बाहेर आणा, म्हणजे फळावर पाणी कमी जमेल. दिवसातून चार वेळा आत-बाहेर करणं सगळ्यांत वाईट. रोज संध्याकाळी उरलेला माल पुन्हा थंडीत ढकलण्याची सवय यातच मोडते.

एका खोलीत काय ठेवू नये

पिकणारी फळं इथिलीन नावाचा, पिकणं वेगानं घडवणारा वायू सोडतात. पॅशन फ्रूट आणि चेरिमोया यात खूप पुढं आहेत. त्यांच्या शेजारी कच्चं अॅव्होकॅडो, पपई किंवा लक्ष्मणफळ ठेवलं तर ते ठरल्यापेक्षा आधी पिकून बसतं. रंबुतानला इथिलीननं फारसा फरक पडत नाही. ड्युरियन मात्र वेगळ्याच कारणासाठी स्वतंत्र हवं: त्याचा वास पुठ्ठ्यात आणि शेजारच्या फळांत मुरतो.

लवकर पिकवायचं असेल तर इथिलीन कक्षात २० अंशांच्या आसपास, १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग), २४ तास आणि मग हवा खेळती, हा स्वच्छ मार्ग. कॅल्शियम कार्बाइडला हात लावू नका. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धी असते, आणि फळाला नुसता रंग येतो, चव येत नाही.

‘चव नाही’ या तक्रारीवर

ड्रॅगन फ्रूटवर ही तक्रार सर्वांत जास्त, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा लवकर केलेल्या काढणीत. साल गुलाबी झाली की फळ तोडलं जातं. आतली साखर अजून भरायची असते. रिफ्रॅक्टोमीटरनं मोजताना गराच्या मध्यातला रस घ्या आणि कडेचाही घ्या, कारण मध्य नेहमी जास्त गोड असतो. मध्याला १३ ब्रिक्सच्या (१०० ग्रॅम रसात साधारण १३ ग्रॅम साखर) वर असेल तर बिनधास्त विका. १० च्या आसपास असेल तर ते कापून फ्रूट सॅलडमध्ये, स्मूदीत किंवा लिंबू पिळून द्या, पण ‘गोड’ म्हणून पाटी लावू नका. मँगोस्टीन आणि रंबुतान १७ ते २० ब्रिक्सच्या घरात असले की गिऱ्हाईक पुन्हा येतं.

देताना तापमानही बघा. ड्रॅगन फ्रूट आणि लिची थंडगार छान लागतात. चेरिमोया आणि लक्ष्मणफळ आधी बाहेर पूर्ण मऊ होऊ द्यावं, मग तासभर फ्रिजमध्ये. चेरिमोया आणि लक्ष्मणफळाच्या बिया विषारी असतात, म्हणून स्मूदी करण्याआधी एकूण एक बी काढलीच पाहिजे.

एक सूचना पाटीवर लिहायलाच हवी. स्टारफ्रूट मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी अजिबात खाऊ नये. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन (मेंदूवर परिणाम करणारं विष) आणि ऑक्झॅलेट अशा शरीरातून बाहेर पडत नाही. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि मृत्यूपर्यंत जाऊ शकतं. नमुना चाखायला देतानाही विचारून द्या.

पुरवठादाराशी बोलताना

‘माल ताजा आहे का’ या प्रश्नाला एकच उत्तर येतं. त्याऐवजी तोडणीची तारीख विचारा, पॅकिंगची नाही. दोन्हींमध्ये ३-४ दिवस सहज जातात. मँगोस्टीनचा रंग कोणत्या टप्प्यावर काढला ते विचारा: गुलाबी ठिपके दिसताना काढलेलं फळ २५ अंशांवर साधारण ६ दिवसांत जांभळं होतं, जांभळंच काढलेलं असेल तर ते दिवस तुमच्या हातून आधीच गेले. लोडिंगच्या वेळचं गराचं तापमान विचारा. आणि किडींसाठी कोणती प्रक्रिया झाली तेही. शून्याच्या जवळ दोनेक आठवडे ठेवण्याची शीतप्रक्रिया लिचीला सोसते. मँगोस्टीन किंवा ड्युरियनला तीच केली तर उतरवण्याच्या वेळी सुंदर दिसणारा माल दोन दिवसांनी काळा होणार.

ऑर्डर किती द्यायची तेही याच हिशोबातून निघतं. समजा रंबुतान १२ दिवस टिकतं आणि तोडणीपासून तुमच्यापर्यंत यायला ५ दिवस लागतात. उरले ७. त्यातले शेवटचे २ गिऱ्हाइकाच्या घरी जायला हवेत. विक्रीला ५ दिवस. रोज ८ किलो खपत असेल तर ४० किलो, त्यावर एक पेटीही नको. भाव थोडा कमी मिळतो म्हणून ६० किलो घेतलं तर वरचे २० किलो काळे पडलेले विकावे लागतात, आणि त्या गिऱ्हाइकांनी रंबुतान म्हणजे असंच असतं हे धरून चालायचं.

नुकसानभरपाई मागायची असेल तर माल आल्यापासून किती तासांत कळवायचं हे व्यवहाराआधीच लेखी ठरवून घ्या. गारठ्याचा दोष उशिरा दिसतो, म्हणून ती मुदत किमान ७२ तासांची मागा. प्रत्येक खेपेतली ६-८ फळं बाजूला काढा, २५ अंशांच्या आसपास, पिशवीत, लॉट नंबर लिहून ठेवा आणि रोज एक दाबून, एक कापून बघा. विक्रीचा माल काळा पडायच्या आधी ही फळं सांगतात, आणि तक्रारीसोबत पाठवायला तारीखवार फोटोही त्यांचेच उपयोगी पडतात.